भाचा पुण्याला गेल्यावर होस्टिंग कसे निवडावे

नागपुरातल्या दुकानाची वेबसाइट बहुधा भाच्यापासून सुरू होते. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतो. मे महिन्यात कूलरसमोर मांडी घालून तो मामाची साइट बनवतो. मेहनताना दोन प्लेट तर्री पोहे. मग तो शिकतो, हिंजवडीला जातो. साइट मागे राहते, पासवर्ड त्याच्यासोबत जातो.

म्हणून पहिली पायरी: होस्टिंग शोधायच्या आधी भाच्याला फोन लावावा आणि डोमेन कोणाच्या नावावर, कोणत्या ईमेलवर घेतले ते विचारावे. तो म्हणेल, "मामा, मीटिंगमध्ये आहो, संध्याकाळी सांगतो ना." अशा सात संध्याकाळी जाऊ द्याव्यात. आठव्या दिवशी बहिणीला फोन करावा. डोमेन आपल्या नावावर आले की अर्धे काम झाले, कारण होस्टिंगवाला उद्या बदलता येतो. दुसऱ्याच्या ईमेलवरचे डोमेन सोडवणे मात्र सामायिक सातबाऱ्यावरून नाव कमी करण्याइतके रंगते.

आता मॅनेज्ड होस्टिंग म्हणजे काय? भाड्याचा कूलर. साधा व्हीपीएस, म्हणजे नुसता सर्व्हर, घेतला तर टाकी, पंप, मोटर सगळे तुमच्या ताब्यात. पाणी तुम्ही भरा, गवत तुम्ही बदला, रात्री पंप अडकला तर तुम्हीच उठा. मॅनेज्डमध्ये उठणारा दुसरा असतो, पैसे त्या उठण्याचे. लायनक्स कशाशी खातात हे माहीत नसले तरी बिघडत नाही. कूलर भाड्याने आणताना आपण मोटरीचे वेटोळे मोजतो का? आपण विचारतो, "पंप गेला तर कोण येईल, किती वेळात येईल, अन् नवतपात येशील का बाप्पा?" होस्टिंगवाल्याला हेच तीन प्रश्न विचारावेत. चौथा असा, की मॅनेज म्हणजे नेमके काय काय करता? सर्व्हरची दुरुस्ती, सुरक्षेचे अपडेट, बॅकअप, पीएचपीची नवी आवृत्ती हे त्यांनी करायचे. भाच्याने मुखपृष्ठावर टाकलेला उडत्या संत्र्यांचा प्लगइन मोडला तर ते बहुधा हात वर करतील, आणि त्यांचे चुकणार नाही. कूलरवाला खिडकी बसवून देत नसतो. नवी आवृत्ती का, ते आमच्यावरून कळेल: पीएचपी ७.४ला सुरक्षेची दुरुस्ती मिळणे २८ नोव्हेंबर २०२२ला थांबले. आमची संत्रा बर्फीची साइट त्यानंतरही दोन दिवाळ्या त्याच आवृत्तीवर चालली. तिसऱ्या दिवाळीला, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, बसली.

तेव्हा मी होस्टिंगवाल्याचे हमीपत्र प्रथमच वाचले. ९९.९ टक्के वेळ चालू, असे त्यात होते. ऐकायला हे बोर्डाच्या निकालासारखे वाटते. पण वर्षाचे तास ८,७६०. त्याचा हजारावा भाग पावणेनऊ तास. म्हणजे पावणेनऊ तास साइट झोपली तरी हमी शाबूत. आणि हमी मोडली तर? भाड्याचा तेवढा हिस्सा पुढच्या बिलात वळता. आमच्या वाट्याला आले चौदा रुपये. त्या संध्याकाळी किती किलो बर्फी गेली नाही, हा घरातला विषय आहे, इथे नको.

"अनलिमिटेड" शब्द दिसला की सावजी रश्श्याकडे पाहतो तसे पाहावे, आदराने आणि थोडे लांबून. जागा अमर्याद असते, पण फाइलींच्या संख्येवर मर्यादा असते आणि ती अटींच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. पहिल्या वर्षाचा भाव पाहूच नये. दुसऱ्या वर्षीचा विचारावा, त्यात १८ टक्के जीएसटी मिळवावा, मगच घरी सांगावे. एसएसएल प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागितले तर लेट्स एन्क्रिप्टचे नाव घ्यावे. ही संस्था २०१५पासून ते प्रमाणपत्र फुकट देते, हे समोरच्याला माहीत असते. तुम्हाला माहीत आहे, हे त्याला माहीत नसते.

झिरो माइलचा खांब आपल्याकडे आहे म्हणून सर्व्हरही देशाच्या मध्यात असेल असे समजू नये. मुंबईत असला तरी चालतो. अमेरिकेत असला तर वर्ध्याच्या गिऱ्हाइकाची प्रत्येक विनंती सातासमुद्रापार जाऊन येते आणि तोवर तो दुसऱ्याची बर्फी पाहतो.

बॅकअपबद्दल मात्र थट्टा नाही. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले. काही ग्राहकांचा बॅकअप त्याच आवारात होता, तोही गेला. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवण्यासारखे. तेव्हा विचारावे: बॅकअप रोज होतो का, दुसऱ्या शहरात राहतो का, आणि परत बसवून दाखवाल का? "हो सर, होऊन जाते" हे उत्तर धरू नये. दाखवायला लावावे. शिवाय महिन्यातून एक प्रत स्वतः उतरवून दुकानाच्या गल्ल्यात ठेवावी, जुन्या वह्यांशेजारी.

शेवटची परीक्षा पैसे भरण्याआधीची. रात्री दोनचा गजर लावावा आणि त्यांच्या सपोर्टला लिहावे, "माझी साइट उद्या तुमच्याकडे आणली तर हलवून कोण देईल?" माणसाचे उत्तर आले, नावानिशी आणि प्रश्नाला धरून, तर सकाळी पैसे भरावेत. "तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" एवढेच आले, तर कूलरमध्ये पाणी आहे का पाहून झोपावे, आणि उद्याच्या रात्रीचा गजर दुसऱ्या कंपनीच्या नावाने लावावा.