टिशूवाले भावोजी

सिंगापूरला आयटीत नोकरीला असलेले एक भावोजी हल्ली पुण्या-मुंबईच्या बऱ्याच घरांत असतात. ताईच्या माहेरचं कुणी तिकडे गेलं, की पहिल्याच रविवारी ते त्याला तिओंग बारूला नेतात. "मरीना बे वगैरे पर्यटकांसाठी. तुम्हाला खरं सिंगापूर दाखवतो," असं प्रत्येक भावोजी म्हणतात. पर्यटक आपणच असतो, पण तसं म्हणायची सोय नसते.

तिओंग बारू ही 1930 च्या दशकात सरकारने बांधलेली वसाहत. आर्ट डेको धाटणीच्या बुटक्या, पांढऱ्या, गोल कोपऱ्यांच्या इमारती. आता तळमजल्यांवर क्रोसाँ विकणाऱ्या बेकऱ्या आल्यात आणि लहानखुरी कुत्री फिरवणारी तरुण मंडळी. भावोजी तिकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांचं दैवत बाजाराच्या वरच्या मजल्यावर. खाली भाजी, मासळी, फुलं. वर हॉकर सेंटर, म्हणजे मधे टेबलं आणि सभोवार खाण्याचे छोटे छोटे गाळे. जिना चढताच वाफ, लसूण, सोया सॉस आणि शंभर लोकांचा एकदम बोलण्याचा आवाज अंगावर येतो. इथे भावोजींचा चेहरा बदलतो. ऑफिसातला दबलेला माणूस नाहीसा होऊन त्या जागी सेनापती उभा राहतो.

पहिलं काम टेबल धरणं. भावोजी खिशातून टिशूचं पाकीट काढतात आणि रिकाम्या टेबलावर ठेवतात. झालं, टेबल आपलं. कुणी उचलत नाही, कुणी भांडत नाही. "हेच पुण्यात ठेवून बघा," भावोजी म्हणतात, "पाकीटही जाईल आणि टेबलही." हे वाक्य ते दर पाहुण्यामागे एकदा म्हणतात आणि दर वेळी स्वतःच हसतात.

मग रांग. भावोजींची श्रद्धा एकच: जिथे रांग लांब, तिथे चव. शेजारच्या गाळ्यावर तोच पदार्थ घेऊन एक म्हातारा गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला असतो, पण तिकडे पाहायचंही नाही. लग्नाच्या बुफेत बाजूने हात घालून पहिला गुलाबजाम उचलणारे हेच भावोजी इथे पाऊण तास विनातक्रार उभे राहतात. तेवढ्या वेळात आपल्याला इतिहास ऐकावा लागतो. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची नोंदणी 1968-69 मध्ये कशी झाली, 1986 पर्यंत त्यांना अशा छपराखाली पाणी, गटार, वीज देऊन कसं बसवलं, 2020 मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला आपल्या यादीत कसं घेतलं. माहिती खरी असते. फक्त ती रिकाम्या पोटी नीट चढत नाही.

खाण्याच्या जागांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडचा विषय निघाला की विचारूच नका. चायनाटाउनमधल्या सोया सॉस चिकनच्या गाळ्याला 2016 मध्ये तारा मिळाला. भावोजी अर्थातच त्याच्या आधीपासून तिथे खात होते. 2021 मध्ये तो तारा गेला, तेव्हा "मला तर चव आधीच उतरल्यासारखी वाटत होती" असं सांगणारेही भावोजीच.

अखेर नंबर लागतो. स्वतःहून दहा वर्षांनी लहान दिसणाऱ्या विक्रेत्याला भावोजी मोठ्या जिव्हाळ्याने "अंकल!" अशी हाक मारतात. अंकल मान वर न करता एका शब्दात किती प्लेट विचारतो. भावोजी वळून आपल्याला सांगतात, "ओळखतो मला."

पदार्थ आला की आपण काय बोलायचं यावरही बंधन आहे. च्वी क्वे नावाचा एक प्रकार असतो: तांदळाच्या पिठाच्या छोट्या वाटीतल्या वाफवलेल्या वड्या, वर परतलेला खारवलेला मुळा आणि तिखट. सोबत आलेल्या मावशी सहज म्हणतात, "अगंबाई, ही तर इडलीची धाकटी बहीण!" भावोजींना हे झोंबतं. प्रत्येक गोष्टीत इडली शोधायची नाही, असं ते नव्याण्णव टक्के प्रेमाने सांगतात. मुळ्यात सुका जवळा असतो का, हे मात्र मावशी विचारून घेतात, कारण आज त्यांची चतुर्थी असते. भावोजींना उत्तर ठाऊक नसतं. अंकललाही आत्ता वेळ नसतो.

कॉफी मागवणं हा स्वतंत्र सोहळा. कापडी गाळणीतून ओतलेल्या त्या कडक कॉफीची भाषा वेगळी आहे. नुसती 'कोपी' म्हटलं तर गोड कन्डेन्स्ड मिल्क, 'ओ' म्हणजे बिनदुधाची, 'सी' म्हणजे आटवलेलं बिनगोड दूध, 'कोसोंग' म्हणजे बिनसाखरेची, 'पेंग' म्हणजे बर्फ. भावोजी एका दमात "कोपी सी कोसोंग पेंग" म्हणतात, मंत्रपुष्पांजलीत कधी न लागलेल्या सुरात. कोसोंग अर्थात डॉक्टरांमुळे. त्यानंतर ते नारळाच्या दुधातला गोड चेंडोल घेतात, त्याची नोंद कुणी ठेवायची नाही.

या सगळ्यात ताई कुठे असते? ती त्या रांग नसलेल्या म्हाताऱ्याकडून केव्हाच तोच चिकन राइस घेऊन, खाऊन, मावशींना शहाळं आणून देऊन बसलेली असते. "चव तीच," ती हळूच सांगते. "यांना सांगू नकोस."

जेवण संपलं की भावोजी उठतात, सगळ्यांचे ट्रे एकावर एक रचतात, आणि ते ठेवायच्या जागी नेऊन ठेवतात. सप्टेंबर 2021 पासून तिथे ट्रे टेबलावर टाकून गेलं तर आधी ताकीद मिळते, पुन्हा तसंच केलं तर 300 डॉलर दंड होऊ शकतो. सोबतचे मामा भारावून म्हणतात, "काय शिस्त आहे हो जावईबापूंना!" ताई शांतपणे म्हणते, "घरी निरीक्षक येत नाही ना."

तर तुमचेही असे कुणी तिकडे असतील आणि रविवारी न्यायला आले, तर निघण्याआधी चार घास पोहे खाऊन घ्या, पायांत सवयीच्या चपला घाला आणि इडलीचं नाव काढू नका. रांगेत उभं राहायला मात्र कुरकुर करू नका. पाऊण तासाने मिळणारा तो चिकन राइस खरोखरच फर्मास असतो.