शंभराचे दीडशे

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तिकडे फोनला महिना काय पडतो, असं तुम्ही विचारलंत. जन्मभर जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात काढलात, म्हणून तपशीलवार कळवतो. आईला वाचून दाखवताना आकडे गाळा, नाहीतर ती रात्री जेवायची नाही.

फोन कंपनीच्या दुकानातल्या पाटीवर लिहिलंय : चार लाइन, १०० डॉलर, अनलिमिटेड. इथे एकट्याला फोन महाग, चौघांना स्वस्त. म्हणून मी आणि सुनीता, खालच्या मजल्यावरचे रेड्डी आणि तिच्या ऑफिसातला गुरप्रीत असे एका कुटुंबात आहोत. कंपनीच्या दप्तरी कर्ता मी.

आता बिल. १०० हा भाव बँक खात्यातून आपोआप पैसे कापू देणाऱ्यांचा. आपल्या हाताने भरतो म्हणालात, की लाइनीमागे ५ डॉलर जास्त. झाले १२०. मग ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह फी’, लाइनीमागे साडेतीन. नाव वाचून वाटावं वॉशिंग्टनहून जीआर निघालाय, पण जाते कंपनीच्याच खिशात. तिच्या खालीच खरे सरकारी आकडे : ९११ या आपत्कालीन सेवेचे लाइनीमागे ९० सेंट आणि राज्याचा ६.६२५ टक्के विक्रीकर. चोर आणि हवालदार एकाच बाकावर बसलेत, ओळखा कोण कोण! बेरीज दीडशेच्या आसपास. तुम्ही समासात लाल शाईने ‘खुलासा सादर करावा’ असं लिहिलं असतंत.

तो इथल्या लोकांनीही मागितला. अशाच फीवरच्या दाव्यात व्हेरायझन या फोन कंपनीने १० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आरोप मात्र मान्य केले नाहीत. ‘अनलिमिटेड’ची गंमत आणखी वेगळी. नेट बंद पडत नाही, ठरावीक वापरानंतर फक्त रांगायला लागतं. एटी अँड टी या कंपनीने ग्राहकांना नीट न सांगता असं केलं म्हणून सरकारच्या व्यापार आयोगाने, म्हणजे एफटीसीने, २०१४ मध्ये दावा लावला आणि २०१९ मध्ये ६ कोटी डॉलरवर तो मिटला. एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना मूळ दर, फी आणि वेग एका तक्त्यात छापावा लागतो. तक्ता छान आहे. दुकानातला पोरगा मात्र अजून पाटीच दाखवतो.

सुनीताला फोन ‘फुकट’ मिळाला. म्हणजे बिलात दरमहा हप्ता लागतो आणि त्याच्याखाली तेवढीच सूट जमा होते. असं ३६ महिने. मध्येच कंपनी बदलली तर सूट बंद आणि उरलेली किंमत आपल्या गळ्यात. फुकटच्या फोनपायी तीन वर्षं या कंपनीशी एकनिष्ठ राहणं आलं.

बिल आलं की रेड्डी खाली उभे राहून विचारतात, “माझे पंचवीसच ना?” गुरप्रीत काही विचारत नाही, पंचवीसच पाठवतो. कुटुंबप्रमुखाने वरचं सोसायचं, ही चाल इथेही आहे.

उन्हाळ्यात तुम्ही येताय, तेव्हा पाचवी लाइन तुमची घेऊ. नव्या माणसाला कुटुंबात घ्यायची ‘ॲक्टिव्हेशन फी’ ३५ डॉलर. पण रेड्डी म्हणाले, बाबा दर महिन्याचं बिल तपासणार असतील, तर ती फी आम्ही चौघं वाटून देऊ. गुरप्रीतला अजून सांगितलेलं नाही.

आईला साष्टांग नमस्कार.

आपला,
नितीन