शंभरी उलटलेला अकरावीकर

स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’मधला (२००५) एडवर्ड १९१८च्या फ्लूच्या साथीत, सतराव्या वर्षी रक्तपिपासू पिशाच झाला, अजून शाळाच शिकतोय. शंभरी उलटलेला हा गृहस्थ रात्री न विचारता नायिका बेलाच्या खोलीत शिरून तिला झोपलेली बघत बसतो, आणि कादंबरी याला प्रेम म्हणते. ‘अहो, कल्पनारम्य आहे, वय कसलं मोजता?’ बरं, नाही मोजत. उन्हात त्याची कातडी चमचमते तेही सोडून देऊ. पण पाळत ठेवायला रक्तपिपासू असावं लागत नाही, ते साध्या माणसांनाही छान जमतं. तरीही पुस्तक हातातून सुटत नाही, कारण जीवशास्त्राच्या तासाला शेजारी बसलेल्या दोघांचं अवघडलेपण मेयरबाईंना नेमकं साधलंय: तिच्या गंधाने तो कासावीस, आणि ती बिचारी स्वतःचे केस हुंगून बघतेय!