निर्व्यसनी मुलगा आणि कलम १८५

आमच्या वालावल गावात कुणी पिऊन गाडी चालवली, की त्याची नोंद दोन दप्तरांत होते. पहिलं दप्तर तिठ्यावरच्या चहाच्या हॉटेलातलं. कोण, कुठे, किती घेऊन, कुणाच्या गडग्यावर आदळला आणि आदळताना कुणाच्या नावानं शिव्या घातल्या, एवढा तपशील सकाळची भजी तळून व्हायच्या आत तिथे नोंदवून होतो. नक्कल फुकट मिळते आणि प्रत्येक नक्कल मूळ प्रतीपेक्षा थोडी मोठी निघते. दुसरं दप्तर न्यायालयातलं. ते ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर घरबसल्या कुणालाही बघता येतं, म्हणूनच बहुधा कुणी बघत नाही.

ते उघडायची वेळ आली ती लग्नामुळे. शेजारच्या आबांच्या नातीला स्थळ आलं. मुलगा एकुलता एक, आंबा-काजूची बाग, दारात चारचाकी आणि परिचयपत्रात जाड अक्षरांत 'निर्व्यसनी'. आबांना नेमका तोच शब्द खटकला. "जो पियणा नाय, तो तसा लिवणा नाय," ते म्हणाले. "तुझ्या मोबायलात कोर्टाचा सगळा दिसता मां? बघ, ह्येका कधी धरल्यानी काय."

तसं बघणं अवघड नाही. राज्य निवडा, जिल्हा सिंधुदुर्ग निवडा, मग न्यायालय. खटल्याचा क्रमांक, पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक, वकिलाचं नाव, पक्षकाराचं नाव, कायद्याचं कलम, कशावरूनही शोधता येतं. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांकही असतो. तो टाकला की सगळं एका झटक्यात समोर. फक्त तो क्रमांक ज्याच्याजवळ असतो तो स्वतःच आरोपी, फिर्यादी किंवा वकील असतो. आमच्याजवळ होतं एक आडनाव. आणि सिंधुदुर्गात सावंत, परब, राणे अशा आडनावांवरून माणूस शोधणं म्हणजे मतदारयादी पाठ करायला बसणं.

आडनाव टाकल्यावर आले ते वाटपाचे दावे, वहिवाटीचे दावे, मनाई हुकूम. पिऊन गाडी चालवणारा एक नाही; गडगा सरकवणारे मात्र भरपूर. त्यात आबांचा स्वतःचा, चुलतभावाविरुद्धचा सामायिक कलमांचा दावाही निघाला. आबा नातीचं स्थळ विसरले आणि पुढची तारीख मोठ्यानं वाचायला लावली.

शेवटी मला सुचलं की कायद्यावरूनच शोधावं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५, निकाली प्रकरणं. बोट बटणावर होतं, तेवढ्यात आबांनी मनगट धरलं. "ता नको. आमच्या झिलाक पण गटारीक धरल्यानी हुतो मां! पण तेना दंड भरल्यान. मिटला ता."

हे 'मिटला' प्रकरण जरा बघण्यासारखं आहे. हेल्मेट नाही, पट्टा नाही, अशा गुन्ह्यांत चलन भरून मोकळं होता येतं, कारण ते तडजोडीनं मिटवण्याची मुभा कायद्यात आहे. ती यादी कलम २०० मध्ये आहे आणि १८५ तिच्यात नाही. त्यामुळे नाक्यावर पावती फाडून सुटका नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहायचं, गुन्हा कबूल म्हणायचं आणि सांगतील तो दंड भरायचा. गावाच्या भाषेत ह्याला मिटवणं म्हणतात. कायद्याच्या लेखी ती दोषसिद्धी असते. झिलानं दंड भरला म्हणजे गुन्हा पुसला नाही, उलट स्वतःहून शिक्का मारून घेतला.

शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की गुन्हा. इंग्लंडात हीच मर्यादा ८० आहे, म्हणजे वालावलीत जो गुन्हेगार तो लंडनमध्ये सभ्य गृहस्थ ठरू शकतो. हे वाचून कुणी पासपोर्ट काढायला धावू नये. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी मजल दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही इथवर जाते. २०१९च्या दुरुस्तीपूर्वी पहिला दंड दोन हजारांपर्यंत होता, आणि गावातले जुने जाणकार अजून त्याच भावात बोलतात. शिवाय पोलीस लायसन्स काढून घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात, ते निलंबित होऊ शकतं. फुंकायला नकार दिला तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि तो नकारही तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येतो.

फुंकण्याच्या बाबतीत आमच्याकडे संशोधन बरंच झालं आहे. विड्याचं पान, बडीशेप, कच्चा कांदा, आमसूल. ह्यानं बायकोला फसवता येत असेल, तेही शंकास्पद. यंत्र वास घेत नाही, ते फुफ्फुसातून आलेल्या हवेतलं अल्कोहोल मोजतं, आणि फुफ्फुसाला आमसूल लावता येत नाही.

सीमेवरच्या जिल्ह्याची तऱ्हाच न्यारी. गोव्यात दारू स्वस्त, म्हणून बाटली तिकडून आणावी तर अलीकडे उत्पादन शुल्कवाले उभे. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात प्यायलासुद्धा परवाना लागतो, हे वाचून तिठ्यावर एक जण इतका हसला की चहा सांडला. तर बाटली डिकीत सापडली तर एक खातं धरतं, पोटात सापडली तर दुसरं. नाक्याच्या थोडं आधी गाडी थांबवून जो ती डिकीतून पोटात हलवतो, त्याला वाटतं आपण कायद्याला चकवलं.

मोठ्या शहरातल्या मोठ्या गाड्यांच्या कथा गावात आवडीनं ऐकल्या जातात. १९ मे २०२४ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे मोटारीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा अल्पवयीन. बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्या आठवड्यात तिठ्यावर एकच चौकशी होती : निबंध मालवणीत चलात काय? दुसऱ्या एका पोर्शेची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. ती २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ आदळली. मालक कंपनीनं विमा मागितला आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विमा कंपनीच्या बाजूनं कौल दिला, कारण चालक प्यायलेला होता. गाडीचं भंगार झालं आणि हातात काही आलं नाही, ही कथा आमच्या माणसाला तुरुंगापेक्षा जास्त झोंबेल. पण हिच्यात मसाला कमी.

त्या मुलाचं काय झालं, हे सांगायला हवं. यादी आम्ही बघितलीच नाही. बघितली असती तरी नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नव्हे. आमच्याकडे एका वाडीत एकाच नावाचे दोन-दोन असतात. खात्री करायची तर नक्कल अर्ज करून निकालाची प्रत काढावी, वडलांचं नाव नि वय ताडून पाहावं. आणि नाव नाही सापडलं तर त्याचा अर्थ एवढाच, की तो धरला गेलेला नाही. नेरूरहून वालावलीकडे रात्री उशिरा येताना रस्त्यात बसलेली गुरं आडवी येतात. फुंक म्हणून सांगणारं त्यांच्यात कुणी नसतं.

चार दिवसांनी मुलाच्या वडलांचाच फोन आला. त्यांनीही ई-कोर्ट्स उघडून आबांचं नाव शोधलं होतं. आबा वरमले, चुलतभावाशी पूर्वी किती चांगलं होतं ते सांगू लागले. समोरून व्याह्यांनी त्यांना मध्येच थांबवलं. "तां ऱ्हवांदे. दावो आसा म्हणजे जमीन आसा. साखरपुडो कधी करूया?"