प्रोफे

ग्वादालाहारातल्या तोर्ता आओगादाच्या कुठल्याही टपरीवर दुपारी एखादे 'प्रोफे' बसलेले सापडतातच. मेक्सिकोत 'प्रोफे' ही मास्तरांना मारायची हाक. आपल्या प्रोफेंनी मात्र जन्मभर नोटरीच्या कचेरीत शिक्के मारलेले असतात. ही पदवी त्यांना टपरीवाल्याने बहाल केलेली. कारण एकच : कुठल्याही शब्दाचा बाप कोण, हे प्रोफेंना ठाऊक असतं. आणि तो बाप हमखास परदेशी असतो.

तिखटजाळ रश्श्यात बुडालेला पाव समोर येतो. तुम्ही हात लावायच्या आत प्रोफे त्याची कुळकथा सुरू करतात. "हा बिरोते. मॅक्सिमिलियन बादशहाच्या फौजेत पिरोत म्हणून एक बेल्जियन होता. पाव भाजायचा. लोकांना त्याचं नाव उच्चारता येईना..." तेवढ्यात कोपऱ्यावर व्हायोलिनं आणि ट्रम्पेट वाजू लागतात. प्रोफे पिरोतला भट्टीपाशीच सोडतात.

"मारियाची! सांगा पाहू, कुठून आला हा शब्द?"

तुम्ही गप्प. प्रोफे कागदी रुमाल ओढून त्यावर 'मारियाज' लिहितात, म्हणजे फ्रेंचांचं लग्न. मग एक बाण, आणि बाणाच्या टोकाला 'मारियाची'. १८६२ मध्ये फ्रेंच फौजा आल्या, अधिकाऱ्यांनी लग्नांत इथली वाजंत्री बोलावली, गावकऱ्यांनी 'मारियाज' अर्धवट ऐकलं, झालं! नोटरीच्या शिक्क्याची उणीव रुमालावर सांडलेला रस्सा भरून काढतो.

अडचण एवढीच, की रोसामोरादा गावच्या पाद्र्याने १८५२ मध्येच ग्वादालाहाराच्या बिशपकडे लेखी गाऱ्हाणं घातलं होतं. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, प्रार्थना आटोपून तो बाहेर येतो तर चर्चसमोरच फांदांगोचे दोन नाच रंगलेले, शेजारी जुगाराचं टेबल, आणि दारू प्यालेले लोक पायी नि घोड्यावरून आरडाओरडा करत हिंडताहेत. असल्या धिंगाण्याला इकडे 'मारियाची' म्हणतात, असं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे वऱ्हाड पोचायच्या दहा वर्षं आधीच वाजंत्री वाजून गेली होती.

हे पत्र पुढे केलं, की प्रोफे दोन घास शांतपणे चावतात. मग म्हणतात, "१८३८. फ्रेंच हलवायाच्या नुकसानभरपाईवरून पेटलेलं पेस्ट्रीचं युद्ध. फ्रेंच आरमार वेराक्रुझला आलंच होतं की! खलाशांची काय लग्नं होत नाहीत?"

अमेरिकी माणसाला इथे म्हणतात त्या 'ग्रिंगो'चीही तीच गत. १८४६ च्या युद्धात हिरव्या गणवेशातल्या अमेरिकी शिपायांना बघून लोक ओरडले, "ग्रीन, गो!" आता, अमेरिकी पायदळ होतं आकाशी निळ्या कपड्यांत. शिवाय तेर्रेरोसच्या १७८७ च्या स्पॅनिश कोशात, अडखळत स्पॅनिश बोलणाऱ्या परक्यांना मालागात 'ग्रिंगो' म्हणतात, अशी नोंद छापून बसलेली. मुळात तो 'ग्रिएगो', म्हणजे ग्रीक, असावा असं जाणकार मानतात. कोशाचा मुद्दा प्रोफे ऐकूच येत नसल्यासारखा सोडून देतात. गणवेशाला उत्तर तयार असतं : "धुरळ्यात रंग कुठे कळतो?"

बादरायण संबंध जोडण्यात हयात घालवलेल्या या माणसाला एकाच शब्दाचा राग येतो : वापांगो. मेक्सिकोच्याच मूळच्या नाहुआत्ल भाषेत त्याची फोड सरळ 'लाकडावर' अशी करतात. लाकडी फळ्यांवर टाचा आपटत नाचायचं, म्हणून तसं नाव. त्यात ना फौज, ना बादशहा, ना कुणाचे कान फुटके.

"नुसता पत्ता सांगितलाय," प्रोफे कुरकुरतात. "गोष्ट कुठाय?"

तरी प्रोफे हट्टी आहेत असं म्हणून त्यांच्यावर अन्याय करू नये. पुढच्या खेपेला जाल तेव्हा ते दुसऱ्याच कुणा पाहुण्याला पाद्र्याचं पत्र ऐकवत असतात, तुमच्यापेक्षा कितीतरी रंगवून. शनिवार, जुगाराचं टेबल, झिंगलेले घोडेस्वार, सगळं जिथल्या तिथे. पाद्र्याची आजी तेवढी आता फ्रेंच झालेली असते.