झेरॉक्सकाका

मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर कोथिंबिरीच्या जुडीचीही पावती मागणारा माणूस दिसला, तर ते आमचे झेरॉक्सकाका. मूळचे गिरगावचे. सगळी नोकरी बंगळुरात झाली, तरी कन्नडातले दोनच शब्द त्यांना अस्खलित येतात : ‘बेकु’ आणि ‘कोडि’. पाहिजे आणि द्या. एवढ्यावर त्यांचं छान चाललंय.

काका डॉक्टरकडे बरं व्हायला जात नाहीत, कागद आणायला जातात. त्यांच्या कपाटात २००३ सालच्या रूट कॅनालचा एक्स-रे आहे. पारदर्शक पिशवीत, वर तारीख, दाताचा नंबर छत्तीस आणि खाली शेरा : ‘दात हयात नाही.’

यंदा मात्र त्यांना खरंच काम निघालं. नातीच्या दातांना तारा लावलेल्या, उपचार अर्ध्यावर, आणि मुलाची बदली पुण्याला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवातीचे एक्स-रे, फोटो आणि प्लास्टरची मॉडेलं आणा. बरोबरच आहे. दात निघाले कुठून हे ठाऊक नसेल, तर आले कुठवर हे कसं कळणार?

तारा लावलेल्या बंगळुरातल्या क्लिनिकच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, “नाळे बन्नि, अंकल.” उद्या या. एके काळी बंगळुरात लोक रात्री फिरणाऱ्या भुतासाठी दारावर ‘नाळे बा’ लिहून ठेवायचे. भूत ते वाचून मुकाट परत जायचं, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. काका त्या भुताहून चिवट, कारण भुताने नियमावली वाचलेली नव्हती. ते थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरले.

“२००२ च्या नियमांप्रमाणे बहात्तर तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं, मॅडम.”

“ते मेडिकल कौन्सिलचे, अंकल. आमची डेंटल कौन्सिल वेगळी.”

“मग तुमची २०१४ ची आचारसंहिता घ्या. किमान तीन वर्षं जपा, मागितल्यावर द्या.” फाइलीतून हायलायटरने पिवळं केलेलं पान निघालं. “शिवाय १९९६ सालीच मुंबई हायकोर्टाने रहेजा खटल्यात सांगितलंय, केसपेपरच्या प्रती देताना गुप्ततेची सबब चालणार नाही.”

“ते मुंबईचं कोर्ट.”

“मीही मुंबईचाच.”

डॉक्टर हसल्या. “केसपेपर देते हो. एक्स-रे मेल करते. पण त्या निकालात प्लास्टरचा जबडा कुठाय? कागदाची झेरॉक्स निघते, जबड्याची कशी काढू?”

काका निरुत्तर. हे मी प्रथमच पाहिलं. आणि बाईंचा प्रश्न काही अगदीच उडवाउडवीचा नव्हता. मूळ कागद दवाखान्याचा, प्रत पेशंटची, ही वहिवाट कागदापुरती ठीक. आता तोंडात छोटा स्कॅनर फिरवून थ्रीडी फाइल करतात, ती मेलनेही जाते. पण ही मॉडेलं जुन्या पद्धतीची. अल्जिनेटचा लगदा दातांवर दाबून माप घ्यायचं, त्यात प्लास्टर ओतायचं. एकच नग.

तिढा सोडवला मदतनीस बाईने. “देऊन टाका मॅडम, माळ्यावर जागा नाही,” म्हणत तिने खोका आणून आदळला. आत जबडेच जबडे, बुडावर पेन्सिलीने लिहिलेली नावं पुसलेली. कुणाचा कुठला, कुणालाच कळेना. काकांनी एकेक उचलून खिडकीकडे धरला आणि एकावर बोट ठेवलं. “हा आमचा. सुळा बघा, बाहेर आलेला. घराण्यातच आहे.” डॉक्टरांचा विश्वास बसेना, तेव्हा काकांनी स्वतःचं तोंड उघडून पुरावा सादर केला. दोन्ही सुळे जुळले.

“आता पोच द्या, अंकल,” डॉक्टर म्हणाल्या. जन्मभर दुसऱ्यांकडून पोच घेणाऱ्या माणसावर हा प्रसंग! काकांनी मजकूर दोनदा वाचला, ‘जबडा’ खोडून ‘जबडे : वरचा एक, खालचा एक’ असं केलं, मगच सही ठोकली आणि तिची प्रत मिळेपर्यंत खुर्ची सोडली नाही.

पुण्याला जायला काका उद्यान एक्स्प्रेसला निघाले, तेव्हा स्टेशनवर पोलिसाने जबड्यांचा डबा उघडायला लावला आणि दचकून विचारलं, “इदेनु?” हे काय? काकांनी दातांआधी पोच पुढे केली.