मशीनवरचा मुलगा

संशोधक चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिली कोरडी छायाप्रत काढली. १९५९ साली आलेल्या 'झेरॉक्स ९१४' यंत्राबरोबर कंपनी आग विझवायचं नळकांडंही देई, कारण अडकलेला कागद कधीमधी पेटायचा. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात आता फक्त मालकाचं डोकं पेटतं.

मालक गल्ल्यावर, मुलगा मशीनवर, अशी इथली कामाची वाटणी. पगार ठरवतो मालक. दुकान चालवतो मुलगा. पावसाळ्यात कागद ओल धरतो, कडा वळतात आणि परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख असली की मशीन हमखास 'जॅम' होतं. मग मुलगा झाकण उघडून, गरम रोलरला बोट न लावता, फाटलेला तुकडा अलगद ओढून काढतो. ही कला एकट्या त्यालाच येते, त्यामुळे तो जेवायला गेला की मालक 'लाइट गेलीय' असं सांगतो. पंखा वर गरगरत असतो.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२०पासून ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई लागू केली. या दुकानात मात्र 'बॅक टू बॅक' सांगितलं तरी दुसरी बाजू निम्म्या वेळा उलटी येते. ग्राहक कुरकुरतो. मालक मुलाकडे बघतो, मुलगा मशीनकडे.

गुणवत्ता नियंत्रण झालं. पैसे दोन्ही पानांचे लागतात.